धुरा, झडती आणि लव्हाळं

या आठवड्याचं पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कास्तकाराचं आहे. गावाचं नाव आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील काढले आहेत. बाकी भाषा त्यांचीच ठेवली. बाहेरच्या वाचकांसाठी एवढंच: धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध, तास म्हणजे वखराची किंवा नांगराची एक ओळ, पांदण म्हणजे वावरात जायची वाट, बंडी म्हणजे बैलगाडी, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, झडती म्हणजे पोळ्याला तोरणाखाली म्हणायची टोमण्याची कवनं आणि टू-फोर-डी हे तणनाशक.

"बाई, नमस्कार. माह्यं पाच एकर कोरडवाहू वावर आहे. धुऱ्याले लागून ज्याचं वावर आहे तो मले तीन वर्षांपासून लय तरास देते. दर साली वखरताना दोन-दोन तास धुरा कोरते. धुऱ्यावरचं बोराचं झाड आता त्याच्या वावरात गेलं. औंदा आषाढात त्यानं पांदणीवर बोरीच्या काट्या टाकल्या. बंडी जात नाही. मी, बायको अन् पोरगं, तिघांनी खताच्या बॅगा डोक्यावर नेल्या. मी काही बोललो नाही. मी गुरुदेव सेवा मंडळात आहे, रोज संध्याकाळी प्रार्थनेले जातो, खंजिरी वाजवतो. तोही तिथंच येते, माह्या समोर बसते.

पोळ्याले तोरणाखाली बैल उभे होते. त्यानं माह्या नावानं झडती म्हटली. भित्रा आहे, बायकोच्या पदराआड लपते, असं. साऱ्या गावानं हर बोला केलं. म्या हात उचलला नाही. घरी आलो, बैलाले पुरणपोळी चारली अन् गोठ्यातच बसून रडलो.

पोरगं म्हणते, बाबा, तुम्ही फक्त हो म्हणा, एका राती पंप घेऊन जातो अन् त्याच्या पऱ्हाटीवर टू-फोर-डी मारून येतो. बायको म्हणते पोलीस ठाण्यात चला. मी म्हणतो, देव पाहून घेईन. तुकोबा सांगून गेले ना, महापुरात झाडं जातात, लव्हाळे वाचतात. पण राती झोप लागत नाही. हे नम्रपण आहे का नामर्दपण, तेच समजत नाही. देवावर भरवसा ठेवून गप बसू का?

ता.क. त्याची म्हातारी आमच्या घरच्या ताकावर आहे म्हटलं तरी चालन. पोळ्यापासून बायकोनं ताक नेणं बंद केलं. मी हो म्हटलं नाही, नाहीबी म्हटलं नाही."

दादा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळेस खताच्या बॅगांपाशीच अडले. डीएपीची बॅग 50 किलोची, युरियाची 45. आषाढातली आपली काळी माती पायाला अशी धरते की चप्पल तिथंच राहते आणि पाय पुढे जातो. अशा चिखलातून तिघंजण बॅगा डोक्यावर घेऊन गेलात, आणि हे तुम्ही एका ओळीत लिहून मोकळे झालात. पोळ्याच्या झडतीला मात्र अख्खा परिच्छेद दिलात. वावरापेक्षा झडती जास्त लागली आहे, हे त्यावरून दिसतं. ते साहजिक आहे. पण आधी वावराचं बोलू, कारण झडतीचा निकाल कुठल्याच तहसीलमध्ये लागत नाही.

आणि त्याच्याही आधी गोठ्यातल्या रडण्याचं. तुम्ही ते असं लिहिलंय की जणू गुन्हा कबूल करताय. साठी ओलांडलेल्या बाईचं ऐका. मार न खाता, मार न देता घरी येऊन रडणारा माणूस नामर्द नसतो. हात उचलायची ताकद तुमच्यात आहे, खंजिरी वाजवणाऱ्या मनगटात ती असतेच. ती वापरली नाहीत. तिथवर मला तुमच्याबद्दल काही शंका नाही.

माझी शंका दुसऱ्याच वाक्याबद्दल आहे. "देव पाहून घेईन."

हे वाक्य आपल्याकडे कसं म्हटलं जातं ते कधी नीट ऐका. हात जोडलेले असतात आणि दात आवळलेले. बहुतेक वेळा त्याचा खरा अर्थ असा असतो: माझ्याच्यानं होत नाही, देवा, तू त्याचे पाय मोड. म्हणजे पोरगं जे पंप घेऊन करायला निघालंय, तेच काम आपण देवाला सुपारी देऊन करायला सांगतो, आणि वर स्वतःला भाविक म्हणवतो. रागावू नका. हे मी तुम्हाला ऐकवत नाही, स्वतःला ऐकवतेय. मी हे आठ महिने केलं आहे.

1998 सालची गोष्ट. मी एका खेड्यात शिक्षिका होते. तेव्हा शाळेत शिजवलेली खिचडी नव्हती, पोरांना महिन्याला तीन-तीन किलो तांदूळ वाटायचा असे. कुणीतरी निनावी अर्ज केला की बाई तांदूळ घरी नेतात. कुणी केला ते सगळ्यांना माहीत होतं. माझ्याच स्टाफरूममध्ये माझ्याच डब्यातलं लोणचं खाणारा माणूस. चौकशी लागली. गावात लोक माझ्या पिशवीकडे बघायचे. मी वांगी आणली तरी बघायचे.

मी काय केलं? काही नाही. माझं मन स्वच्छ आहे, देवाला सगळं दिसतं, मी कशाला कुणाला पुरावे देत फिरू, असं म्हणून ताठ मानेनं बसले. तिला मी नम्रता समजत होते. आणि आमच्या शाळेच्या लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, तांदूळ वाटपाची वही पडून होती. एकेका पोराच्या आईबापाचा अंगठा, महिन्यावार. निळ्या शाईचे शेकडो अंगठे. ती वही नेऊन टेबलावर ठेवली असती तर प्रकरण आठ दिवसांत मिटलं असतं. आठ महिन्यांनी आमच्या शिपायानंच ती चौकशी अधिकाऱ्यांसमोर नेऊन ठेवली. मला न विचारता. देवानं माझ्यासाठी काही केलंच असेल तर ते त्या शिपायाच्या हातून, आणि तो मनुष्य साधं निरांजनही लावत नसे.

इथपर्यंतची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. पुढची कमी लोकांना. दोन वर्षांनी एका सकाळी मी चुलीपुढे बसून भाकर थापत होते. शेजारीण सांगत आली की त्या माणसाला लकवा मारला, उजवा हात गेला. माझ्या तोंडून "अरे देवा" निघालं. पण त्याच्या आधी, अगदी भाकर तव्यावर टाकता टाकता, आत काहीतरी हललं, आणि ते सुखाचं होतं. उजवा हात. अर्ज लिहिला तो हात. भाकर करपली. त्या दिवशी मला कळलं की दोन वर्षं मी देवाची वाट बघत नव्हते, याची वाट बघत होते.

म्हणून विचारते, दादा. रात्री झोप लागत नाही तेव्हा तुम्ही नेमकं काय बघत पडलेले असता? आपला धुरा परत मिळालेला, की त्याचं वावर जळालेलं? याचं उत्तर मला लिहून पाठवू नका. फक्त स्वतःला विचारा.

आता लव्हाळ्याकडे येते. तुकोबांची ती ओळ तुम्ही दिलीत. आपण शेतकरी माणसं असूनही ती ओळ फार लवकर वाचतो. पूर आला की लव्हाळं वाकतं, एवढंच आपल्याला दिसतं. पण तुमच्या वावरात कधी लव्हाळा झाला असेलच. वखरा, निंदा, उपटा, आठ दिवसांत पुन्हा वर. कारण खाली मातीत गाठी असतात, एकीला एक लागून. लव्हाळं वाचतं ते वाकतं म्हणून, हे खरंच. पण वाकूनही जागा सोडत नाही, हेही तितकंच खरं. वाकणारं आणि वाहून जाणारं यात फरक आहे. तुम्ही वाकलात, शाबास. पण दर साली दोन तास तुम्ही वाहूनही चाललाय.

तुकोबांचीच दुसरी एक गोष्ट तुमच्या पांदणीला जास्त लागू पडते. देहूतल्या मंबाजीची. कीर्तनकार ती नेहमी सांगतात, महिपतींच्या संतचरित्रांतून ती घरोघरी पोचली आहे. मंबाजीचा तुकोबांवर राग. तरी तो त्यांच्या कीर्तनाला नेमानं यायचा. तुमचा माणूस प्रार्थनेत तुमच्यासमोर बसतो तसाच. देवळाच्या प्रदक्षिणेच्या वाटेला लागून मंबाजीनं बाग केली आणि काट्यांचं कुंपण घातलं. तुकोबांच्या घरची म्हैस त्या बागेत शिरली, झाडं तुडवली, तिथून वाद पेटला. पुढे एकादशी आली. वाटेवर काटे, लोक दर्शनाला येणार, त्यांच्या पायांत रुततील. तुकोबांनी ते काटे काढून बाजूला टाकले. मंबाजी धावून आला आणि त्यानं त्याच काटेरी फांद्यांनी त्यांना झोडपलं. तुकोबांनी उलट हात उचलला नाही, शिवी दिली नाही. रात्री कीर्तनाला मंबाजी दिसेना, तेव्हा त्याच्या घरी गेले, मारून मारून तुमचे हात दुखले असतील म्हणत त्याचे हातपाय चेपले आणि त्याला कीर्तनाला घेऊन आले.

कीर्तनात सगळा भर शेवटच्या भागावर असतो. हातपाय चेपले म्हटलं की लोक डोळे पुसतात. मला मात्र लहानपणापासून आधीचा भाग आवडतो. तुकोबांनी काटे काढले. देव काढील म्हणून वाटेकडे बघत बसले नाहीत. मंबाजीला वाईट वाटेल म्हणून लोकांना काट्यांतून चालायला लावलं नाही. वाट मोकळी केली, त्याबद्दल मार पडला तो सोसला, आणि मग बोलवायला गेले. तिन्ही गोष्टी एकाच माणसानं एकाच दिवसात केल्या. आपण तिसरी पूजतो आणि पहिली गाळतो.

तुमच्या पांदणीवरचे काटे कसे काढायचे, ते आता सांगते. हातानं काढू नका. तुम्ही तुकोबा नाही आणि आजूबाजूला कुऱ्हाडी फार झाल्या आहेत.

तलाठ्याकडून गावनकाशा बघा. पांदण नकाशावर असेल तर ती त्याच्या बापाची नाही आणि तुमच्याही बापाची नाही. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, मामलतदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली. तहसीलदार दोघांना नोटीस काढतात, जागा पाहतात आणि अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतात. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत हा दावा करावा लागतो. काट्या आषाढात पडल्या. म्हणजे पौष लागायच्या आत तुमचा अर्ज आत गेला पाहिजे. "देव पाहून घेईन" म्हणत संक्रांत आली तर कायदा विचारेल, एवढे दिवस कुठे होता. वाटेचे, काट्यांचे फोटो आजच काढून ठेवा, तारखेसकट. खत डोक्यावर नेताना कुणी पाहिलं असेल तर त्यांची नावं लिहून ठेवा.

धुऱ्याचं काम वेगळं. त्याला मोजणी. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करायचा, आता ऑनलाइनही होतो. सातबारा जोडायचा, फी भरायची. लगतच्या सगळ्यांना नोटीस जाते. उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा हंगाम संपून वावर मोकळं झालं की भूकरमापक येतो, हद्दीच्या खुणा दाखवतो आणि नकाशाची 'क' प्रत मिळते. त्याला ती मोजणी पटली नाही तर त्याला निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागायचा हक्क आहे, मागू द्या. तुमच्या गावात तंटामुक्त समिती जागी असेल तर आधी तिच्यापुढे जा. ती मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली तेव्हा मोठ्या हौसेनं सगळ्यांनी समित्या केल्या होत्या. कित्येक गावांत आता वेशीवरचा बोर्ड तेवढा उरला आहे, त्यावरही उमेदवारांची पोस्टरं. तुमच्याकडे काय आहे ते तुम्हालाच ठाऊक.

नोटीस जाण्यापूर्वी मात्र एक करा. स्वतः त्याच्या दारी जा. एकटे नको, मंडळातला कुणी म्हातारा माणूस सोबत घ्या. उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगा, मी मोजणी टाकतोय, नोटीस येईल, खुणा निघतील तिथं धुरा घालू, तुमचा-माझा दोघांचा. तो शिवी देईल. कदाचित अजून एक झडती रचील. ऐकून परत या. तुकोबांचं तिसरं काम तुम्हाला जमेल तेवढं एवढंच आहे. याहून मोठं नाटक करू नका. चार लोकांत त्याच्या पाया पडून दाखवायचं, मी बघा कसा क्षमाशील, असलं काही मनात आलं असेल तर तेही एक प्रकारचं धुरा कोरणंच आहे. समोरच्याची इज्जत दोन तास आपल्याकडे ओढून घ्यायची.

आणि खरी परीक्षा कुठे आहे सांगू? समजा मोजणी झाली आणि खूण तुमच्याच पऱ्हाटीच्या ओळीत निघाली. तुमच्या आज्याच्या वेळेपासून हातभर वावर तुम्हीच त्याचं खात आलात, असं निघालं. असं होतं, दादा. मी होताना पाहिलंय. तेव्हा त्या भूकरमापकासमोर, त्या माणसाच्या हसऱ्या तोंडासमोर, "बरोबर आहे, घ्या तुमचं" असं म्हणता आलं, तर ती नम्रता. पोळ्याला गप्प बसणं त्यामानानं सोपं होतं, कारण तिथं तुम्ही बरोबर होतात.

माझ्या शेजारी पूर्वी मिशनच्या दवाखान्यात नोकरी केलेल्या एक सिस्टर राहायच्या. माझ्या त्या तांदळाच्या दिवसांत त्यांनी मला बायबलमधली दावीद राजाची गोष्ट सांगितली होती. तुमचं पत्र वाचताना ती सारखी आठवत होती, म्हणून सांगते. दावीदचा स्वतःचा मुलगा अबशालोम उलटला. राजा यरुशलेम सोडून पळाला, अनवाणी, डोकं झाकून, डोंगर चढता चढता रडत. (राजासुद्धा रडतो, तुमच्या गोठ्याला तेवढी सोबत.) बहूरीम नावाच्या गावापाशी शिमी नावाचा माणूस बाहेर आला. तो आधीच्या राजाच्या, शौलाच्या घराण्यातला. त्यानं दावीदला शिव्याशाप दिले, दगड मारले, धूळ फेकली. राजाभोवती शूर माणसं होती. त्यांतला अबीशय म्हणाला, हुकूम द्या, याचं डोकं उडवतो. आपल्या पोराचंच वाक्य, पंपाऐवजी तलवार.

दावीदनं त्याला थांबवलं. म्हणाला, पोटचा पोरगा माझ्या जिवावर उठलाय, मग हा शिव्या देतो यात नवल काय. देऊ दे. देवानंच त्याला सांगितलं असेल. कदाचित देव माझं दुःख पाहील आणि या शापाच्या बदल्यात माझं भलं करील. मग दावीद वाटेनं चालत राहिला आणि शिमी टेकडीच्या कडेनं बरोबरीनं चालत शिव्या देत, धूळ उडवत राहिला. दोघं चालताहेत, एक वर, एक खाली. सिस्टर हे सांगताना हातानं दोन रेघा दाखवायच्या.

त्यातला "कदाचित" मला फार मोठा वाटतो. देव नक्की भलं करील असं दावीद म्हणत नाही. देव शिमीला मारील असं तर मुळीच म्हणत नाही. आपण नवस बोलतो त्यात कदाचित नसतो. आपला हिशोब रोखीचा: मी सोसलं, आता तू दे. या राजाचा भरवसा बिनहिशोबी आहे. मिळेल, न मिळेल, पण मी याचं डोकं उडवणार नाही.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी ती तुम्हाला सांगितलीही नसती. पुढे दावीद जिंकून परत आला. शिमी धावत जाऊन पाया पडला आणि दावीदनं शपथ घेऊन त्याला जीवदान दिलं. आणि मरणाच्या खाटेवर पडल्यावर मुलाला, शलमोनाला, जवळ बोलावून सांगितलं की त्या शिमीला सोडू नकोस. शलमोनानं त्याला पुढे मारवलं. म्हणजे एवढी वर्षं ते दगड दावीदच्या आत होतेच. सिस्टरना मी विचारलं, मग ती नम्रता खोटी होती का? त्या पुष्कळ वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, नाही बाई, त्या दिवसापुरती खरी होती. रोज नवी करावी लागते, त्यानं मध्येच कधीतरी सोडली असेल.

तुमच्या मुलाला शलमोन करू नका, दादा. आपण गप्प बसायचं आणि घरात रोज धुमसत राहायचं, म्हणजे न सांगता पोराला सांगणंच झालं की मी मेल्यावर तू बघ. ते पोरगं वाईट नाही. बापाची झडती त्यानं कानांनी ऐकली आहे, बॅगा डोक्यावर नेल्या आहेत. त्याच्या रागाला काम द्या. ऑनलाइन अर्ज त्यालाच भरू द्या, फोटो त्यालाच काढू द्या, तहसीलच्या तारखांना त्याला सोबत न्या. तिथल्या व्हरांड्यात चार तास उभं राहिलं की अर्धा राग तसाही पायांत उतरतो. आणि टू-फोर-डीचं त्याला एवढंच सांगा की पऱ्हाटीला ते औषध किती लवकर लागतं हे त्याला माहीत आहेच, आणि वारा मोजणी करून वाहत नाही. काही दिवसांत धुऱ्याच्या अलीकडचीही पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली दिसतील. मग झडती कुणाच्या नावानं म्हणायची?

बायको पोलीस ठाण्याचं म्हणते, तेही मी उडवून लावत नाही. आज गरज दिसत नाही. पण त्यानं अंगावर हात टाकला, कुऱ्हाड दाखवली, बायकोला वाटेत अडवलं, तर त्याच दिवशी जा. दुसऱ्या दिवशी नाही. तेव्हा मला पत्र लिहीत बसू नका. आणि हे सदर वाचणाऱ्या बायांना सांगते, घरात नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईसाठी हे उत्तर नाही. तिला कुणी दावीदची आणि तुकोबांची गोष्ट सांगायला आलं तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

राहिली झडती. एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव म्हणून लोक दरसाल एकमेकांना झोडपतात, ती आपल्या पोळ्याची रीतच आहे. लोक हसले ते झडतीला हसले. त्यांतल्या निम्म्यांना दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला आपल्या पोरांचे लाकडी बैल सजवताना तुमचं नावही आठवलं नसेल. हे ऐकून बरं वाटणार नाही, माहीत आहे. अपमान झालेल्याला वाटतं सगळं गाव अजून तिथंच तोरणाखाली उभं आहे. मला माझ्या पिशवीचं वाटायचं तसं. गाव केव्हाच निंदणाला गेलेलं असतं. तिथं उरतो तो आपण आणि तो बोलणारा. तोही कदाचित झोपलेला असतो.

त्याला उलट झडती रचू नका. तुम्ही भजनी माणूस, शब्द तुमच्याकडे त्याच्यापेक्षा बरे असणार, म्हणून मुद्दाम सांगते. पुढच्या पोळ्याला मोह होईल.

प्रार्थनेचं काय करावं, हे तुम्ही विचारलं नाही, पण तो समोर बसतो असं दोनदा लिहिलंत (एकदा मी पत्रातून काढलं आहे). जागा बदलू नका. खंजिरी वाजवत राहा. त्याच्यासाठी प्रार्थना करा असं मी लगेच सांगणार नाही, ती जिभेवर येते आणि घशात अडकते. मला त्या लकव्याच्या माणसाचं नाव देवापुढे घ्यायला साडेतीन वर्षं लागली. आणि घेतलं तेव्हाही फक्त नाव घेतलं, पुढे काही मागता आलं नाही. तुम्ही एवढंच करून बघा. प्रार्थना संपते, दिवा मंद होतो, लोक चपला शोधतात, त्या वेळात त्याचं नाव एकदा मनात घ्या. भलंही नाही, वाईटही नाही. नुसतं नाव. ज्या दिवशी दात आवळले जाणार नाहीत तो दिवस तुम्हाला आपोआप कळेल. नाही आला तरी अर्ज पौषाच्या आत द्यायचाच आहे.

आता ता.क. खरं तर सगळ्या पत्रात मला तेवढीच ओळ खुपली. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दादा, तुम्ही हो म्हटलं. त्या म्हातारीनं काट्या टाकल्या नाहीत, झडती म्हटली नाही. तिच्या तोंडात दात नसतील, ज्वारीची भाकर ताकात कुस्करूनच खात असेल, आणि पोळ्यापासून सुनेला विचारत असेल की ती बाई काहून येत नाही. वहिनींना सांगा, उद्या सकाळी गडवा भरून पाठवा. त्या जात नसतील तर तुम्ही न्या. तो अंगणात दात घासत उभा असला तरी न्या. म्हातारी विचारेल एवढे दिवस कुठे होते, तर सांगा, दही लागत नव्हतं.